ताप किती ते नंतर, कुणाला ते आधी

पोरी, आपल्याकडे फ्लूचे वर्षात दोन हंगाम असतात. एक हळद काढून शिजवायच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च. दुसरा पावसाळ्यात, सोयाबीन फुलावर येतं तेव्हा सुरू होतो आणि पोळा, गणपती उरकेपर्यंत राहतो. हा आजार थंडीतलाच, असं धरून बसलेले लोक श्रावणात बेसावध सापडतात. आणि दोन्ही वेळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात गर्दीचे दिवस असतात. औंढ्याच्या नागनाथाची महाशिवरात्र पहिल्या हंगामात येते, तर आषाढीनंतरची नर्सीची परतवारी आणि श्रावणी सोमवार दुसऱ्या हंगामात. नागनाथाला जाऊ नको असं मी कधी म्हणणार नाही. फक्त तान्हं लेकरू त्या रांगेत नेऊ नको. आणि यात्रेहून आलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला, तर उन्हातान्हाचा शीण आहे म्हणून सोडून देऊ नको. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात, हिशेब बरोबर जुळतो.

माझी नोकरी आरोग्य सेविकेची. उपकेंद्र, लसीच्या डब्या, वाड्या-तांडे यांत हयात गेली. लोक ताप मोजतात आणि आकड्याला भितात. १०३ निघाला की धावाधाव, ९९ निघाला की निवांत. मी उलट शिकले. आधी बघायचं, ताप आला कुणाला. पंचविशीतल्या धडधाकट पोराला १०३ आला तर तो बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत उठून रानात जातो. तोच फ्लू सत्तरीच्या म्हाताऱ्याला आला तर ताप नीट चढतही नाही. नुसती भूक जाते, माणूस गुंगीत पडतो, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, वय झालं. तोवर छाती भरलेली असते.

म्हणून या घराची माणसं तुला सांगते, नीट डोक्यात ठेव. तुझ्या सासऱ्याला साखर आहे. साध्या तापातही त्याची साखर चढते, आणि चढलेली साखर अंगाची ताकद खाते. तापात तो जेवला नाही म्हणून साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करेल. करू देऊ नको, डॉक्टरला फोन लावून विचार. वरच्या आळीतल्या तुझ्या चुलत आजेसासऱ्याला दमा आहे, त्यात विडी. त्याला फ्लू झाला की दम्याची उबळ येते आणि एरवीचा पंप पुरत नाही. तुझी नणंद पोटुशी आहे. पोटुशी बाई आजारी नसते, पण तिची छाती वर ढकललेली असते, अंगाची लढायची रीत बदललेली असते, त्यामुळे फ्लू तिला इतर बायांपेक्षा जड जातो. पाच वर्षांच्या आतलं लेकरू, त्यातही दोन वर्षांच्या आतलं, नाजूकच. ज्याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, ज्याची किडनी अधू आहे, जो कॅन्सरच्या उपचारावर आहे, ज्याचं वजन फार आहे, ते सगळे याच यादीत. यांतल्या कुणाला ताप-खोकला आला तर 'दोन दिवस बघू' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना.

हृदयाचं विशेष सांगते, कारण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. २०१८ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास छापून आला. फ्लू झाल्याचं निदान झालं त्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या सहा पट दिसला. आपल्याकडे म्हातारा माणूस तापातून उठता उठता गेला की 'हार्ट अटॅकने गेला' एवढंच लिहिलं जातं. मागचा फ्लू कागदावर येतच नाही. साऱ्या जगात दरवर्षी दोन लाख नव्वद हजार ते साडेसहा लाख माणसं फ्लूमुळे श्वासाचे आजार होऊन जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि हृदयाचे मृत्यू त्यात धरलेले नाहीत.

आता फ्लू ओळखायचा कसा. साधी सर्दी हळूहळू येते. नाक गळतं, शिंका येतात, पण माणूस कामाला जातो. फ्लू एकदम आडवा पाडतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून पडतो, हाडं मोडल्यागत दुखतात, डोकं ठणकतं, कोरडा खोकला लागतो. लेकरांना कधी उलट्या-जुलाबही होतात. पण पावसाळ्यात एक घोटाळा असतो. डेंग्यूही त्याच दिवसांत असतो आणि अंगदुखी त्यातही तशीच. खोकला, घसा, नाक यांचा जोर असेल तर फ्लूकडे बोट जातं. खोकला नाही, डोळ्यांच्या मागं दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यूची तपासणी करून घ्यायची. हे कळेस्तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. दुकानातून अंगदुखीची दुसरी गोळी आणायची नाही, डायक्लोफेनॅकची सुई घ्यायची नाही. डेंग्यू निघाला तर त्यानं रक्तस्राव वाढतो. लेकराला ॲस्पिरिन तर कधीच नाही. फ्लूत ॲस्पिरिन दिलं तर मेंदू आणि लिव्हर बिघडवणारा एक आजार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरतो. पॅरासिटामॉलचं औषधही लेकराच्या वजनावर मोजून, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून.

सुई आणि सलाईन. यावर मी गावाशी आयुष्यभर भांडले आणि आता तुझ्याकडे ते भांडण सोपवते. आपल्या भागात माणूस दवाखान्यात गेला आणि सलाईन न लावता आला तर त्याला उपचार झाला असं वाटतच नाही. बाटलीत असतं मीठ-साखरेचं पाणी. तोंडानं पाणी पिता येणाऱ्या माणसाला त्याची गरज नसते, आणि म्हाताऱ्याच्या कमजोर हृदयावर त्या पाण्याचा उगाच भार पडतो. त्याहून वाईट म्हणजे त्यातून दिली जाणारी डेक्सा. स्टिरॉइड आहे ते. तासाभरात ताप उतरतो, माणूस उठून बसतो, घरचे खूश. आत विषाणूला मोकळं रान मिळतं आणि साखरवाल्याची साखर आभाळाला जाते. म्हणून डॉक्टरला हात जोडून विचारायचं, 'साहेब, यात स्टिरॉइड आहे का? कशासाठी देताय?' चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग मानत नाही. दम्याच्या माणसाला कधी ते खरोखर लागतं, तेव्हा तो तसं सांगेल.

अँटिबायोटिकचंही तसंच. फ्लू विषाणूचा, त्याच्यावर ॲझिथ्रोमायसिन चालत नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ ची साथ आली, खोकला तीन-तीन आठवडे हटेना, आणि लोक मेडिकलमधून तीच पाकिटं नेत होते. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनला सांगावं लागलं की तापखोकल्यावर ही औषधं सर्रास देऊ-घेऊ नका. फ्लूनंतरचा कोरडा खोकला रेंगाळतो, त्याला घाबरायचं नाही. पण खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी बारीक ताप राहिला, तर थुंकी तपासायची. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आपल्या वसमतच्या हळदीचा मला अभिमान आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. गरम दुधातली हळद घशाला बरी वाटते, जरूर दे. पण ती फ्लू मारत नाही, आणि तिच्या भरवशावर साखरवाल्या माणसाला दोन दिवस घरी ठेवायचं नाही. वाफेचं भांडं लेकरापुढं धरू नको. भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. आजारी माणसाला उपाशी ठेवायचं नाही. केळ बंद, ताक बंद, भात बंद असं करत करत घरचे त्याला वाळवतात. ज्वारीच्या कण्या, मुगाच्या डाळीचं पाणी, भाताची पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, जे जाईल ते थोडं थोडं दे. लघवी पिवळीजर्द आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तरी पाजणं बंद करायचं नाही. तोंडाला पदर किंवा मास्क बांधून, हात धुऊन पाजायचं. तिच्या दुधातूनच लेकराला बळ मिळतं.

माझी आजी १९१८ च्या मानमोडीची, म्हणजे फ्लूच्या महासाथीची, गोष्ट सांगायची. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. साथ जूनमध्ये मुंबईच्या गोदीत आधी दिसली, पहिला फेरा हलकाच गेला. सप्टेंबरात दुसरा फेरा आला तो काळ होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेनं तो आजार देशभर नेला. त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता, धान्य महागलेलं, माणसं आधीच अर्धपोटी. हिंदुस्थानात निदान सव्वा कोटी माणूस गेला, काही अभ्यासक तो आकडा दोन कोटींच्या जवळ नेतात. आणि फ्लू एरवी म्हातारे-लेकरं निवडतो, त्या वर्षी त्यानं वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं उचलली. आपल्या देशात बाया पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. आजी म्हणायची, सगळ्यांना पाणी पाजणारी बाई स्वतः शेवटी पडायची आणि तिला पाणी द्यायला घरात कुणी उभं नसायचं.

त्या गोष्टीतून तिनं दोन गोष्टी आमच्या हाती दिल्या, त्या मी पुढं शिकलेल्या शास्त्राशीही जुळल्या. पहिली, सेवा करणाऱ्या बाईनं आधी जेवायचं आणि झोपायचं. घरात तीन माणसं आजारी असली तर तू चौथी होशील अशी वेळ येऊ देऊ नको. नवऱ्याला सांग, रात्रीची पाळी त्याची. सासूबाई काय म्हणतील याची काळजी करू नको, मी आहे.

दुसरी फार मोलाची आहे. आजी म्हणायची, माणूस पहिल्या तापानं जात नाही, उठून बसल्यावर परत पडतो त्यानं जातो. पुढं संशोधकांनी १९१८ चे जुने नमुने तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेक मृत्यूंच्या मागं फ्लूनंतर फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया होता. विषाणू श्वासनळीचं अस्तर सोलून ठेवतो, मग जिवाणूंना दार उघडं मिळतं. म्हणून चौथा-पाचवा दिवस जपायचा. ताप उतरला, माणूस हसला-बोलला, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा ताप चढून खोकल्याला पिवळा किंवा गंजाच्या रंगाचा बेडका यायला लागला, तर त्या घडीला दवाखान्यात न्यायचं. इथं अँटिबायोटिक लागतं, आणि वेळेवर लागतं.

धोक्याच्या खुणा पाठ कर. धाप लागणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त, ओठ किंवा नखं निळसर पडणं, बरळणं किंवा जागं न होणं, लघवी थांबणं. लेकरू दूध ओढत नसेल, झटके येत असतील, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल. लेकराचं पोट उघडं करून, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, पाच वर्षांच्या आतलं असेल तर ४०. एवढे किंवा याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय. कोरोनात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर कपाटात पडून आहे, त्याचे सेल बदलून ठेव. बोटाला नेलपॉलिश नको, हात गार नको. ९४ च्या खाली आकडा स्थिर राहिला तर थांबायचं नाही. १०८ फुकट आहे, रात्री-अपरात्री येते. पोटुशी बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. हिंगोलीत २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, म्हणून प्रत्येक वेळी नांदेडचा रस्ता धरायची गरज नाही. नांदेडला न्यायचं ठरलंच तर वाटेतल्या दोन तासांचा विचार करून ऑक्सिजन असलेली गाडीच माग.

फ्लूवर औषध आहे, ऑसेलटामिविर, लोक टॅमिफ्लू म्हणतात. ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. गंभीर माणसाला उशिरानंही देतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. सरकारचा नियम साधा आहे. हलका ताप-खोकला असलेल्या धडधाकट माणसाला ना तपासणी ना हे औषध, घरी आराम. जोखमीच्या यादीतल्या माणसाला मात्र तपासणीचा कागद यायची वाट न बघता डॉक्टर सुरू करू शकतात. म्हणून दवाखान्यात पहिलं वाक्य 'ताप आलाय' असं नको बोलू. 'साखर असलेल्या माणसाला कालपासून ताप-खोकला आहे' असं बोल.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एक शाळकरी मुलगी स्वाईन फ्लूनं गेली, देशातला तो पहिला मृत्यू. तेव्हा इथल्या आठवडी बाजारातही लोक रुमाल बांधून फिरले. पुढं भीती ओसरली, विषाणू मात्र राहिला आणि आता दरवर्षीच्या फ्लूतला एक होऊन बसला. २०१५ मध्ये राज्यात त्यानं ९०५ माणसं गेली, २०१७ मध्ये ७७८. त्या वर्षांत गावात कुणी रुमालही बांधत नव्हतं.

लसीबद्दल गावात फार कुजबुज असते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप पालटतो आणि लसही त्याप्रमाणे बदलते. घेतल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, तेव्हा पेरणीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली आपल्या पावसाळी हंगामाला उपयोगी पडते. तिनं फ्लू होतच नाही असं नाही, पण झाला तर दवाखान्यात भरती व्हायची, जीव जायची पाळी कमी येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही. त्याचं संरक्षण आईनं गरोदरपणी घेतलेल्या लसीतून होतं. पोटुश्या बाया, साखर-बीपीवाले यांना सरकारी दवाखान्यात ती मोफत देण्याचा कार्यक्रम राज्यात २०१५ पासून आहे. साठा आहे का ते आशाताईला विचारायचं. नसला तर विकत घ्यायची. सासऱ्याच्या एका लसीचे पैसे सलाईनच्या दोन बाटल्यांत निघतात.

आणि घरात ताप आला की जागा वेगळी कर. फ्लू अंगावर दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतो, आणि ताप आल्यावर पाच-सात दिवस, लेकरांत त्याहूनही जास्त. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून हिंगोलीत परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांत कोरोना कसा एकापाठोपाठ एक निघत गेला, ते सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. एका छताखाली झोपणारी माणसं, दुसरं काय. आपल्या घरात खोल्या दोनच, म्हणून आजारी माणसाला ओसरीवर खिडकीजवळ झोपव, दारं उघडी ठेव, पाय एकीकडे आणि डोकं एकीकडे करून बाकीच्यांना निजव. त्याचा तांब्या वेगळा. खोकताना कोपरात. हात साबणानं, वीस आकडे मोजेस्तोवर. दाराची कडी, मोबाइल, मोटारीचं स्टार्टर पुसून घे. गुळगुळीत जागेवर हा विषाणू दिवसभर टिकतो. ताप पॅरासिटामॉलशिवाय उतरून पूर्ण एक दिवस झाला की मग लेकराला शाळेत पाठव.

ऊसतोडीला गेलेल्यांची मला फार काळजी वाटते. दिवाळीनंतर जातात, कोपीत दाटीवाटीनं राहतात, थंडीचा हंगाम तिथंच काढतात. ताप आला तरी कोयता ठेवता येत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापतात. पोटुशी बाई तापात मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरते. आपल्या आळीतून जे जोडपं जाईल, त्यांच्याबरोबर पॅरासिटामॉलचं पान, थर्मामीटर आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर दे. म्हाताऱ्या माणसांजवळ मागं राहिलेल्या लेकरांकडे तूच आठवड्यातून एकदा जा.

नणंद सातव्या महिन्यात माहेरी येईल. तिच्या सासरी आजच फोन कर आणि फ्लूची लस झाली का विचार. नसेल झाली तर येताना तिचं कार्ड आणायला सांग, मी स्वतः तिला घेऊन जाईन.